४ कोटी १० लाख अंकी मूळ संख्या: न वाचता तिच्याविषयी काय काय सांगता येते?

गोदातीर (धागाकर्ता)

ऑक्टोबर २०२४ मध्ये २^१३६२७९८४१ − १ ही संख्या मूळ असल्याचे जाहीर झाले आणि तोवर ठाऊक असलेल्या सर्व मूळ संख्यांना तिने मागे टाकले. 'गिंप्स' या १९९६ पासून चालू असलेल्या सामूहिक शोधमोहिमेत ल्यूक ड्युरँट यांनी ती शोधली. बातम्यांमध्ये कौतुक झाले ते तिच्या आकाराचे: तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत, पानाला तीन हजार अंक छापले तर साडेतेरा हजारांहून अधिक पाने लागतील, आणि सेकंदाला एक अंक या गतीने कोणी अखंड म्हणत बसले तर जवळजवळ पावणेपाचशे दिवस जातील. हे सगळे खरे असले, तरी आकार हा या संख्येचा सर्वांत कमी रंजक गुण आहे असे माझे मत आहे. जी संख्या आपल्यापैकी कोणीही पूर्ण वाचणार नाही, तिच्याविषयी नाशिकमध्ये बसून, कागद-पेन्सिल घेऊन, किती गोष्टी खात्रीने सांगता येतात याची चर्चा मला येथे हवी आहे.

सुरुवात मी करतो. तिचे शेवटचे दोन अंक ५१ आहेत. २ च्या घातांचे शेवटचे दोन अंक (४ पासून पुढे) दर वीस पायऱ्यांनी पुन्हा तेच येतात. घातांक १३,६२,७९,८४१ ला २० ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून २ च्या या घाताचे शेवटचे दोन अंक २^२१ च्या शेवटच्या दोन अंकांसारखेच असणार. २^२१ म्हणजे २०,९७,१५२. शेवटी ५२, त्यातून एक वजा केला की ५१.

पहिला अंक ८ आहे, आणि हे काढताना एक गंमत दिसते. अंकांची संख्या मोजण्यासाठी घातांकाला २ च्या लॉगने गुणावे लागते. शाळेच्या चारअंकी लॉग कोष्टकातील ०.३०१० घेतला तर उत्तर चार हजारांहून अधिक अंकांनी चुकते. पाच स्थळांचा ०.३०१०३ घेतला तर ४,१०,२४,३२०.५४ येते, म्हणजे अंक एकाने जास्त मोजला जातो आणि संख्या ३ ने सुरू होते असा भ्रम होतो. ०.३०१०२९९९५६६४ इतका बारीक लॉग घेतला की ४,१०,२४,३१९.९४५ मिळते. पूर्णांकात एक मिळवला की अंकांची खरी संख्या येते, आणि १० चा ०.९४५ वा घात साधारण ८.८ असल्याने संख्या ८८ ने सुरू होते. पाच दशांश स्थळे एरवी आपल्याला अचूकतेची परमावधी वाटतात, पण तेरा कोटींनी गुणल्यावर त्यांचा निभाव लागत नाही.

आता पुढचे आपण सांगा.

पंचवटीकर

धागा आवडला. माझी शंका अगदी प्राथमिक आहे. एखादी संख्या मूळ आहे हे ठरवताना तिच्या वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहायचे, असे आम्ही शाळेत शिकलो. या संख्येचे वर्गमूळच दोन कोटी अंकांचे असेल. मग ती मूळ आहे असे छातीठोकपणे कोणी आणि कशाच्या आधारावर म्हटले?

अवांतर: आमच्या पंचवटीचा पिनकोड ४२२००३ मूळ असेल या आशेने भागून पाहिला, तर ३१ × १३६१३ निघाला.

अनघा_गंगापूररोड

पंचवटीकर, अवांतर म्हणून टाकलेला आपला ३१ या धाग्यात कामाचाच आहे. २^५ − १ म्हणजेच ३१, अर्थात या मोठ्या संख्येच्या कुळातली ही तिसरी संख्या. २ च्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात, आणि आजची संख्या ही त्यांतली ज्ञात असलेली ५२ वी आहे.

आपल्या शंकेचे उत्तर असे, की या कुळासाठी भागाकार करावाच लागत नाही. फ्रेंच गणिती ल्यूका यांनी १८७६ मध्ये एक पद्धत वापरून २^१२७ − १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे हाताने सिद्ध केले. पुढे लेमर यांनी तिला आजचे सुटसुटीत रूप दिले. ४ पासून सुरुवात करायची, प्रत्येक वेळी वर्ग करून त्यातून २ वजा करायचे आणि तपासायच्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवायची. घातांक p असेल तर p − २ पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली, तर आणि तरच संख्या मूळ.

३१ साठी तीन पायऱ्या: ४ वरून १४, १४ वरून १९४ म्हणजे बाकी ८, आणि ८ वरून ६२ म्हणजे बाकी ०. १२७ साठी पाच पायऱ्या: १४, ६७, ४२, १११, ०. आता नापास होणारी संख्या पाहू. २^११ − १ म्हणजे २०४७ साठी नऊ पायऱ्यांत १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६ अशा बाक्या येतात. शेवटी शून्य नाही, म्हणून ती संयुक्त. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की २०४७ चे विभाजक २३ आणि ८९ आहेत याचा १७३६ या बाकीतून काहीही पत्ता लागत नाही. संख्या संयुक्त आहे हे सिद्ध होते, पण ती कशी फुटते हे कळत नाही.

याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला २^६७ − १ चा आहे. मर्सेन यांनी १६४४ मध्ये दिलेल्या यादीत ती मूळ म्हणून होती आणि ल्यूका यांनी ती संयुक्त असल्याचे दाखवले, परंतु तिचे विभाजक १९०३ पर्यंत कोणाला ठाऊक नव्हते. त्या वर्षी कोल यांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत १९,३७,०७,७२१ आणि ७६१,८३८,२५७,२८७ यांचा गुणाकार फळ्यावर मांडला.

बिट_बाय_बिट

अनघाताईंच्या प्रतिसादाला संगणकाच्या बाजूने थोडी पुरवणी जोडतो, कारण ही कसोटी यंत्राला इतकी मानवण्याचे कारण या कुळाच्या घडणीत आहे.

द्विमान पद्धतीत २^p − १ म्हणजे ओळीने p वेळा लिहिलेला १. त्यामुळे तिने भागून बाकी काढायला भागाकार करावा लागत नाही: संख्येचा p बिटांपलीकडचा भाग कापायचा आणि तो खालच्या भागात मिळवायचा. १२७ चेच उदाहरण घ्या. ६७ चा वर्ग वजा २ म्हणजे ४४८७. हे १२८ × ३५ + ७ आहे, म्हणून बाकी ३५ + ७ = ४२. पुढची पायरी १७६२, म्हणजे १२८ × १३ + ९८, बाकी १११. त्यापुढची १२३१९, म्हणजे १२८ × ९६ + ३१, आणि ९६ + ३१ = १२७, अर्थात शून्य. सगळा भार मग वर्ग करण्यावर येतो.

आजच्या संख्येसाठी अशा १३,६२,७९,८३९ पायऱ्या लागतात आणि प्रत्येक पायरीत तेरा कोटी बिटांच्या संख्येचा वर्ग करावा लागतो. शाळेत शिकवतात तसा गुणाकार केला तर हे काम कधीही संपणार नाही. म्हणून संख्येचे तुकडे पाडून जलद फूरिए रूपांतराने वर्ग करतात. ड्युरँट यांनी यासाठी १७ देशांत पसरलेल्या डेटा सेंटरमधील ग्राफिक्स प्रोसेसर भाड्याने घेतले होते. डब्लिनमधल्या एका यंत्राने संख्या 'बहुधा मूळ' असल्याचे आधी कळवले आणि दुसऱ्या दिवशी टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथील यंत्राने ल्यूका–लेमर कसोटी पूर्ण करून त्यावर शिक्कामोर्तब केले.

रविवार_कारंजा

सर्वांचे प्रतिसाद वाचतो आहे आणि पुष्कळसे समजतेही आहे. मी व्यापारी माणूस असल्यामुळे एक व्यवहारी प्रश्न विचारतो. या संख्येचा उपयोग काय? बँकेचे व्यवहार मोठ्या मूळ संख्यांमुळे सुरक्षित राहतात असे सगळीकडे वाचायला मिळते. मग ही संख्या बँकांना विकता येईल का?

बिट_बाय_बिट

काका, विकता येणार नाही. आरएसए या सांकेतिकीकरणाच्या पद्धतीच्या २०४८ बिटी किल्लीत साधारण ३०९ अंकी दोन मूळ संख्यांचा गुणाकार असतो आणि त्या दोन संख्या गुप्त असणे हाच त्या पद्धतीचा प्राण आहे. जी संख्या जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आली, ती कुलपाच्या कामाची नाही. शिवाय ३०९ अंकी मूळ संख्या साधा संगणक क्षणार्धात हव्या तितक्या शोधून देतो, त्यामुळे त्यांचा तुटवडाही नाही.

दोन उपयोग मात्र खरे आहेत. या कुळातील २^१९९३७ − १ ही ६००२ अंकी संख्या 'मर्सेन ट्विस्टर' या यादृच्छिक अंक तयार करणाऱ्या रीतीचा आवर्तनकाल आहे, म्हणजे इतक्या पायऱ्यांनंतर तीच मालिका पुन्हा सुरू होते. १९९७ साली जपानमध्ये तयार झालेली ही रीत पायथॉनसारख्या भाषांत आजही वापरात आहे. दुसरा उपयोग यंत्रांच्या परीक्षेचा. मूळ संख्या शोधणारी आज्ञावली प्रोसेसरला इतके राबवते की त्याचे दडलेले दोष उघडे पडतात. २०१६ च्या आरंभी इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधील एक दोष गिंप्सच्या आज्ञावलीमुळेच लक्षात आला होता. त्याआधी १९९४ मध्ये पेंटियममधील भागाकाराचा दोष टॉमस नाइसली यांना सापडला, तोही जोडमूळ (एकमेकींत दोनाचा फरक असलेल्या मूळ) संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करताना.

म्हसरूळची_मुक्ता

मी बारावीत आहे. आमच्या संगणकाच्या वर्गात २१४७४८३६४७ ही संख्या ३२ बिटांत मावणारा सर्वांत मोठा चिन्हांकित पूर्णांक म्हणून सांगितली होती, आणि ती मूळ आहे असेही सर बोलण्याच्या ओघात म्हणाले. ती २^३१ − १ आहे, म्हणजे याच कुळातली. ती मूळ असल्याचे संगणकाच्या आधी कोणी सिद्ध केले होते का?

अनघा_गंगापूररोड

मुक्ता, हो, ऑयलरने १७७२ मध्ये. याची हकीकत मला आजच्या विक्रमापेक्षाही अधिक प्रिय आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

इटलीतील कटाल्डी यांनी १५८८ मध्ये २^१७ − १ आणि २^१९ − १ या संख्या वर्गमूळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून मूळ ठरवल्या. ते काम चोख होते. त्यानंतर त्यांनी २३, २९, ३१ आणि ३७ हे घातांकही मूळ संख्या देतात असे म्हटले, आणि त्यांतला फक्त ३१ खरा निघाला. २^२३ − १ ला ४७ ने भाग जातो आणि २^३७ − १ ला २२३ ने, हे फर्माने १६४० मध्ये दाखवले. २^२९ − १ ला २३३ ने भाग जातो हे ऑयलरने दाखवले.

हे विभाजक अंधारात चाचपडून सापडलेले नाहीत. समजा q या मूळ संख्येने २^p − १ ला भाग जातो. मग q ने भागल्यावर २ च्या घातांच्या बाक्या p पायऱ्यांनी १ वर परततात, आणि p स्वतः मूळ असल्यामुळे त्याआधी परतत नाहीत. फर्माच्या प्रमेयानुसार q − १ पायऱ्यांनंतरही बाकी १ असते, म्हणून p ने q − १ ला भाग जायलाच हवा. q विषम असल्याने २p नेही भाग जातो. अर्थात q हा २kp + १ या रूपाचाच असणार. त्यात भर अशी, की ८ ने भागल्यावर q ची बाकी १ किंवा ७ च असू शकते. आता २९ साठी पाहा: ५८k + १ म्हणजे ५९, ११७, १७५, २३३. यांतील ५९ ची ८ ने भागल्यावर बाकी ३ म्हणून तो बाद, ११७ व १७५ संयुक्त म्हणून बाद, आणि चौथाच २३३ विभाजक निघतो. एवढे ठाऊक असते तर कटाल्डींना हे काम जेवणाआधी उरकता आले असते.

३१ साठी दोन्ही अटी एकत्र केल्या की विभाजक २४८k + १ किंवा २४८k + ६३ याच रूपाचा असू शकतो. २१४७४८३६४७ चे वर्गमूळ ४६३४१ च्या किंचित आत आहे. तेथपर्यंत या दोन रूपांच्या मिळून ३७२ संख्या बसतात (६३ ही संख्या उघडच संयुक्त असल्याने सोडून देऊ). सरसकट भागायचे तर हजारो मूळ संख्या लागल्या असत्या, येथे तीनशे बहात्तरांच्या आत काम झाले, आणि त्यांतल्याही संयुक्त संख्या गाळता येतात. पुढे कित्येक दशके याहून मोठी मूळ संख्या कोणाला ठाऊक नव्हती.

बिट_बाय_बिट

मुक्तासाठी छोटी भर. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या प्रणालींची मोजणी याच संख्येवर संपते. तो क्षण १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी येईल.

देवळालीचा_विद्यार्थी

इतका वेळ वाचत होतो. मूळ संख्यांचा धागा नाशिकचा आणि त्यात दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचे नाव अजून कसे आले नाही याचे नवल वाटले. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे ते आमच्या देवळालीत शाळेत शिकवत होते. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कोठे बाहेरच्या जगाला त्यांची ओळख झाली. लोकांना त्यांचा ६१७४ तेवढा ठाऊक असतो (चार अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करत गेले की शेवटी येणारी संख्या). माझ्या मते त्यांचे अधिक खोल काम स्वयंभू संख्यांचे आहे, आणि ते थेट या धाग्याच्या विषयाला येऊन भिडते.

कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २३ घेतली तर २३ + ५ = २८. मग २३ ही २८ ची जनक झाली. जिला असा जनकच नाही, ती स्वयंभू. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३ अशी ही मालिका चालते, आणि मोठ्या पल्ल्यात पाहिले तर दर दहा संख्यांत साधारण एक स्वयंभू निघते.

मालिकेत ३१ दिसतो आहे हे पाहिलेत का? मर्सेन कुळातील पहिल्या तिन्ही संख्या, ३, ७ आणि ३१, स्वयंभू आहेत. चौथी, १२७, मात्र नाही, कारण १२२ + ५ = १२७. तेव्हा माझा प्रश्न असा, की या कुळात पुढे स्वयंभू किती, आणि धागाकर्त्यांची चार कोटी अंकी संख्या स्वयंभू आहे की नाही हे कसे ठरवायचे?

अनघा_गंगापूररोड

काका, कापरेकर सरांविषयी पूर्ण आदर ठेवून एक आक्षेप नोंदवते. संख्या मूळ असणे हा तिचा स्वतःचा गुण आहे, ती दशमान पद्धतीत लिहा की द्विमान. अंकांची बेरीज हा मात्र लिहिण्याच्या पद्धतीचा गुण आहे. आपल्याला बारा बोटे असती तर स्वयंभू संख्या निराळ्या असत्या, मूळ संख्या याच राहिल्या असत्या. म्हणून या दोहोंचा मेळ घालण्यात गणिती अर्थ कितीसा आहे, याविषयी मी साशंक आहे.

देवळालीचा_विद्यार्थी

अनघाताई, आक्षेप रास्त आहे, पण त्याचा निकाल मी थोडा निराळा लावतो. अंकांची बेरीज आणि ९ ने भागल्यावरची बाकी यांचे नाते पक्के आहे, आणि त्या धाग्याने स्वयंभूपणाचा प्रश्न बाक्यांच्या गणितात येतो. दोन निरनिराळ्या स्वभावाचे गुण एका संख्येत एकत्र तपासता येतात का, हा प्रश्न गणिताचाच आहे. त्याचे उत्तर किती स्वस्तात मिळते ते पाहा.

२ च्या घातांना ९ ने भागल्यावर बाक्या २, ४, ८, ७, ५, १ अशा सहाच्या फेऱ्यात येतात. ३ हून मोठ्या मूळ घातांकाला ६ ने भागल्यावर १ किंवा ५ च उरतो. म्हणून ३१ आणि त्यापुढच्या प्रत्येक मर्सेन मूळ संख्येची ९ ने भागल्यावर बाकी १ किंवा ४ च असते, तिसरा पर्याय नाही. १२७ ची १, ८१९१ ची १, १३१०७१ ची ४. आजच्या घातांकाच्या अंकांची बेरीज ४१ आहे, म्हणून त्याला ३ ने भागल्यावर २ उरतात. तो विषम असल्याने ६ ने भागल्यावर ५ उरतात, आणि संख्येची बाकी ४ ठरते. म्हणजे चार कोटी अंकांची बेरीज करा, तिची पुन्हा बेरीज करा, एकच अंक उरेपर्यंत करत राहा, शेवटी ४ च उरणार. बेरीज न करता हे मी आत्ता सांगू शकतो.

जनकाकडे वळू. n आणि त्याच्या अंकांची बेरीज यांची ९ ने भागल्यावरची बाकी एकच असते, म्हणून n मध्ये ती बेरीज मिळवून आलेल्या संख्येची बाकी २n च्या बाकीइतकी असते. संख्येची बाकी ४ असेल तर जनकाची २ हवी आणि संख्येची १ असेल तर जनकाची ५. ३१ च्या अलीकडे ९ ने भागून २ उरणाऱ्या संख्या २, ११, २० आणि २९. त्यांपासून ४, १३, २२ आणि ४० मिळतात, ३१ मिळत नाही. म्हणून ३१ स्वयंभू.

८१९१ चा जनक ८१६८ आहे, १३१०७१ चा १३१०६० आणि ५२४२८७ चा ५२४२६४. मुक्ताच्या २१४७४८३६४७ साठी अंकांची बेरीज ५, १४, २३, ३२, ४१ अशा नवांच्या टप्प्यांनीच तपासायची. पहिल्या चार फसतात. ४१ वजा केल्यास २१४७४८३६०६ मिळते, आणि तिच्या अंकांची बेरीज नेमकी ४१ आहे. म्हणजे ऑयलरची संख्या स्वयंभू नाही.

गोदातीर (धागाकर्ता)

काका, हे अप्रतिम आहे आणि धाग्याच्या मूळ प्रश्नाला धरूनही आहे. आता चार कोटी अंकांकडे वळू या. तिचा जनक असलाच तर तो कोठे शोधायचा? अंकांची बेरीज जास्तीत जास्त ९ × ४,१०,२४,३२० म्हणजे ३६,९२,१८,८८० असू शकते. एवढ्या पल्ल्यातली प्रत्येक संख्या तपासायची म्हटली तर प्रत्येकीचे चार कोटी अंक मिळवावे लागतील.

देवळालीचा_विद्यार्थी

तेवढे करावे लागत नाही, आणि खरी गंमत येथेच आहे. आपणच काढलेली कमाल बेरीज नऊ अंकी आहे. म्हणून जनक आणि संख्या यांच्यात फरक पडेल तो शेवटच्या नऊ अंकांत, हातचा लागला नाही तर वरचे सगळे अंक दोघांचे सारखेच. वरच्या अंकांची बेरीज एकदाच करून ठेवायची. शेवटच्या नऊ अंकांची बेरीज ० ते ८१ यांमध्येच असणार, म्हणजे जनकाच्या अंकांची एकूण बेरीज ८२ किमतींपैकी एक. त्यांतही ९ ने भागल्यावर २ उरतील अशाच चालतील. राहिल्या जेमतेम नऊ-दहा किमती. प्रत्येक किंमत संख्येतून वजा करायची आणि शेवटच्या नऊ अंकांची बेरीज जुळते का पाहायचे. हातचा घ्यावा लागला तर वरच्या भागातून एक कमी करून पुन्हा तेच. संगणकाचा सगळा वेळ जाईल तो संख्या दशमान रूपात लिहून अंक मिळवण्यात. स्वयंभूपणाचा निवाडा त्यानंतर वहीच्या एका पानावर होतो.

हा विचार कागदावरच राहिलेला नाही. २^२४०३६५८३ − १ ही ७२,३५,७३३ अंकी मर्सेन मूळ संख्या स्वयंभू आहे, हे २००६ साली ल्यूक पेबडी यांनी दाखवले. कापरेकर १९८६ मध्ये गेले आणि त्यांच्या प्रश्नाचे हे उत्तर वीस वर्षांनी आले.

बिट_बाय_बिट

वर्गीकरण म्हणून पुढच्या चार संख्याही करून टाकू. २^६१ − १ म्हणजे २३०५८४३००९२१३६९३९५१. तिच्या शेवटच्या तीन अंकांच्या वरचा भाग मिळवला की ५८. जनकाची बेरीज ५९, ६८, ७७ अशी तपासत गेलो तर ७७ वर जुळते: शेवट ८७४, त्याची बेरीज १९, आणि ५८ + १९ = ७७. २^८९ − १ च्या शेवटी ५६२१११ आहे. तिचा जनक ५६२००१ वर संपतो, बेरीज ११०. २^१२७ − १, म्हणजे ल्यूका यांची संख्या, १०५७२७ वर संपते आणि तिचा जनक १०५५६९ वर, बेरीज १५८. या तिन्ही स्वयंभू नाहीत.

म्हसरूळची_मुक्ता

मधली २^१०७ − १ राहिली. तिच्या शेवटी २८८१२७ आहे आणि शेवटचे तीन अंक सोडून उरलेल्या अंकांची बेरीज १२९ येते. म्हणजे वजा करायची संख्या किमान १२९ हवी, पण शेवटी तर १२७ च आहेत. मग तिला जनक नाही आणि ती स्वयंभू आहे, असे म्हणायचे का?

देवळालीचा_विद्यार्थी

नाही बाळ, मी वर हातचा म्हटला तो येथेच लागतो. २८८ मधून एक घे, म्हणजे वरच्या भागाची बेरीज १२८ झाली आणि शेवटी ११२७ आले. ९ ने भागून २ उरणाऱ्या किमती १२८, १३७, १४६ अशा आहेत. १२८ वजा केल्यास ९९९ उरतात, त्यांची बेरीज २७, एकूण १५५, जुळत नाही. १३७ वजा केल्यास ९९०, एकूण १४६, जुळत नाही. १४६ वजा केल्यास ९८१, त्यांची बेरीज १८, आणि १२८ + १८ = १४६. जनक २८७९८१ वर संपतो. त्यात १४६ मिळवून पाहा, हजार पुन्हा २८७ वर चढतो आणि २८८१२७ मिळतात.